कर्लीच्या खाडीतली संकष्टी

दिवस पहिला : कार्तिक वद्य तृतीया

कोकणकन्या कुडाळला थांबली तेव्हा ऊन नुकतंच फलाटावर उतरत होतं. मित्र डब्यासमोरच उभा. माझ्या हातातली रॉडची पीव्हीसी नळी त्याने आधी स्वतःच्या खांद्याला अडकवली, मग बॅग घेतली, आणि म्हणाला, "वही आणलीस ना?"

वही आणली होती. ती विसरून मी कोकणात उतरणंच शक्य नाही. दोनशेपानी, जाड पुठ्ठ्याची, कडा खाऱ्या पाण्याने फुगलेल्या. रत्नागिरीला कॉलेजात असताना आम्ही दोघं भाट्याच्या खाडीवर तंगूस (नायलॉनचा दोरा) आणि गळ घेऊन बसायचो, तेव्हा तिचं पहिलं पान लिहिलं गेलं. तेव्हापासूनचे नियम तेच आहेत. प्रत्येक सहलीत एकच दिवस स्पर्धेचा. तीन वेगवेगळ्या जाती, प्रत्येक जातीतला आपला सर्वांत लांब मासा, आणि तिन्ही माशांच्या सेंटीमीटरची बेरीज. वजन करायचं नाही, कारण वजनासाठी मासा लटकवावा लागतो, आणि लटकवलेला मासा पाण्यात सोडला तरी जगेलच असं नसतं. ओल्या पट्टीवर मासा आडवा झाला, तोंड टोकाला टेकलं, शेपटीपाशी आलेला आकडा दोघांनी वाचला, तरच तो वहीत जातो. आणि हरेल त्याने पुढच्या सहलीपर्यंत वही सांभाळायची. हा शेवटचा नियम मित्राने केला. हरलेल्याला वाचायची गरज जास्त असते, असं तेव्हा त्याने सांगितलं होतं.

गेल्या पाच सहली वही माझ्याकडे, डोंबिवलीत, टीव्हीखालच्या खणात आहे.

गेल्या फेब्रुवारीची गोष्ट माझ्या मनातून अजून गेलेली नाही. माझा एक कोकर पट्टीवर ठेवता ठेवता उसळला आणि होडीबाहेर गेला. दोघांनीही तो डोळ्यांनी बघितला होता, पन्नासच्या खाली तो नक्कीच नव्हता. मित्राने मान हलवली. मोजला नाही तो धरला नाही. त्या एका माशाने निकाल फिरला असता. मला राग आला होता, आणि तो आठवडाभर टिकला.

नेरूरपारच्या पुलावर त्याने स्कूटर थांबवली. दर वेळी थांबवतोच. खाली कर्ली नदी पसरलेली, दोन्ही काठांना कांदळवन. (कर्ली नावाचा मासाही आहे, लांबट, चांदीसारखा, काट्यांनी भरलेला. नदीचा आणि त्याचा संबंध काय ते मला कुणी सांगितलेलं नाही, पण दोन्ही नावं एकत्र ऐकून कान सुखावतात.) इथून पुढे नदी खाडी होते आणि देवबागला समुद्राला मिळते. मित्र कठड्यावर कोपर टेकून दहा मिनिटं नुसता बघत राहिला. पुलाच्या खांबांमागे भोवरे कुठे पडतात, फेसाची रेघ कुठल्या काठाला सरकते, पाण्याचा रंग कुठे बदलतो. लोक त्याला हट्टी म्हणतात. जिन्यावर कोण आधी चढतो इथपासून त्याची चुरस सुरू होते हे खरं आहे. पण इतक्या वर्षांनी मी ठामपणे सांगू शकतो की त्याला हरायचं नसतं म्हणून तो बघतो. खाडीकडे एवढं मन लावून बघणारी माणसं माझ्या ओळखीत दोनच, तो आणि आमचे होडीवाले तात्या.

देवबाग म्हणजे माडांनी भरलेली वाळूची एक चिंचोळी पट्टी. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी. मित्राच्या घराच्या पडवीत बसलं की दोन्हीकडचं पाणी ऐकू येतं, समुद्राचं मोठं आणि खाडीचं बारीक. आईने चहाबरोबर लगेच सांगून टाकलं, "उद्या संकष्टी. मासो घरात हाडू नको."

मित्राने माझ्याकडे बघितलं. म्हणजे उद्या धरलेला प्रत्येक मासा परत पाण्यात जाणार. आम्ही एरवीही बहुतेक सोडतोच, एखादा जेवणापुरता ठेवतो. पण एकही ठेवायचा नाही हे आधीच ठरलं की मन मोकळं होतं.

संध्याकाळी मालवणच्या जेटीवर गेलो. होड्या लागत होत्या, बांगड्याच्या आणि पेडव्यांच्या टोपल्या वाळूवर उतरत होत्या, लिलाव बोटांवर आणि भुवयांवर चालला होता. समोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग. १६६४ साली पायाभरणी झाली आणि १६६७ साली किल्ला पुरा झाला. त्याच्या आजूबाजूचं पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, २९.१२ चौरस किलोमीटरचं. त्या बाजूला आम्ही गळ टाकत नाही. मित्राचं म्हणणं असं की पिल्लांना वाढायला कुठेतरी निवांत जागा लागतेच, ती तिथे असू दे, मोठे झाले की ते आपल्याकडे येतील.

तात्या तिथेच भेटले. उद्याची होडी त्यांचीच. मी मोबाईलवर भरतीची वेळ काढू लागलो तर त्यांनी हात वर केला. "उद्या चवथ. पाऊणपट कर."

हा हिशोब कोकणात जुना आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थी, म्हणजे चाराची पाऊणपट तीन. पहाटे तीनला भरती, दुपारी तीनला पुन्हा भरती, मध्ये सव्वानऊच्या सुमाराला ओहोटी पूर्ण. चंद्र रोज पाऊण तासाहून थोडा जास्त उशिरा उगवतो, त्याच्यामागून पाणीही तेवढंच मागे पडतं, म्हणून हे गणित जमतं. आत खाडीत पाणी पोचायला अर्धा तास आणखी धरायचा. मोबाईलने सांगितलेली वेळ वीस मिनिटांच्या फरकाने तीच निघाली.

रात्री पडवीत बल्बखाली गाठी मारत बसलो. वीस पाउंडाची ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, तिला चाळीस पाउंडाचा लीडर, म्हणजे गळाआधीचा जाड तुकडा. लीडर जाड का, तर इथे कांदळाच्या मुळांना कालवं चिकटलेली असतात, आणि कालवाच्या कडेवर ब्रेड एकदा घासली की संपली. मित्राने सगळ्या गळांचे उलटे काटे पक्कडीने दाबून सपाट केले, माझ्या गळांचेसुद्धा. दाबलेल्या गळावरचा मासा निसटायची शक्यता जास्त, पण गळ काढताना त्याचा जबडा फाटत नाही. मग माझी गाठ त्याने दोन्ही हातांनी ताणली. टिकली. "बरी आहे," म्हणाला. त्याच्या तोंडून हे ऐकून मला शांत झोप लागली.

दिवस दुसरा : संकष्टी

साडेपाचला जागे झालो. अंगणात दव, खाडीवर धुकं. तात्यांनी पाग (फेकायचं जाळं) टाकून जिवंत सुंगटं, म्हणजे कोळंबी, बादलीत भरून ठेवली होती, ती माझ्यासाठी. मित्र रबरी शॅड आणि जिग ही खोटी आमिषं वापरतो, जिवंत आमिषाला हात लावत नाही. नियमात दोन्ही चालतं.

लाइफ जॅकेट घालून होडीत बसलो आणि इंजिन बारीक ठेवून वर सरकलो. पाणी जोरात उतरत होतं. या भागात उधाणालाही भरती-ओहोटीचा फरक दोन मीटरच्या आसपासच असतो, मुंबईसारखे पाच मीटर नाहीत. पण एवढी मोठी खाडी एवढ्या अरुंद तोंडातून रिकामी व्हायची म्हणजे ओढ दांडगी लागते. संगमावर तर चांगल्या पोहणाऱ्यानेही उतरू नये अशी.

सुकतीला, म्हणजे पाणी उतरताना, मासा का लागतो हे मला तात्यांनी समजावलं होतं. भरतीला पाणी कांदळवनात आतपर्यंत शिरतं, त्याच्याबरोबर सुंगटं आणि बोईची पिल्लं मुळांच्या जाळीत जाऊन बसतात. पाणी उतरायला लागलं की त्या सगळ्यांना बाहेर यावंच लागतं, आणि बाहेर यायच्या वाटा मोजक्या. जिथे छोटा व्हाळ, म्हणजे ओढा, खाडीला मिळतो तिथे, तोंडाशी, मोठे मासे नाक प्रवाहाकडे करून उभे असतात. त्यांना धावावं लागत नाही. खाणं वाहत येतं.

पहिल्या व्हाळावर मित्राने तिसऱ्याच फेकीला तांबोशी काढली. तांब्याच्या घासलेल्या भांड्यासारखा रंग, वरच्या जबड्यात दोन सुळे. पट्टीवर ३८. त्याने आकडा दोनदा वाचला, मला वाचायला लावला, आणि मासा पाण्यात सोडला. खाडीतली तांबोशी म्हणजे वयात यायची असलेली पोरं. पूर्ण वाढ झाली की ती खाडी सोडून बाहेर समुद्रात खडकांवर जातात आणि अंडी तिथेच घालतात. म्हणून इथली तांबोशी सोडली तर तिचं फळ समुद्राला मिळतं. हे मी वाचलं तेव्हापासून मला एकही तांबोशी होडीत ठेवावीशी वाटलेली नाही.

दुसऱ्या व्हाळावर माझी पाळी आली. सुंगट मुळांच्या कडेने वाहू दिलं, तंगूस बोटावर ठेवली. एक टकटक, आणि मग थेट ओढ. तांबोशी गळ लागताक्षणी मुळांकडे धावते, पहिल्या दोन सेकंदांत थांबवली नाही तर गेली. मी रॉड उचलला, रिळाचा ड्रॅग आवळलेला होता, तरी दोन हात लाईन गेली आणि सगळं एकदम सैल झालं. लीडर ओढून घेतला तर टोक सुरीने कापावं तसं, थोडं केसाळलेलं. कालव. मित्र काही बोलला नाही. तो त्या मुळाकडे बघत होता, मासा कुठून निघाला आणि कुठल्या बाजूने परत शिरला ते.

त्यानंतर त्याला कोकर लागला, ४१. मला एका जुन्या दगडी धक्क्याच्या कडेला गोबरा, ३६, तपकिरी ठिपक्यांचा, तोंड उघडलं तर मूठ जाईल एवढं. मध्ये केंडांनी मित्राचे चार शॅड खाल्ले. केंडाचे दात पोपटाच्या चोचीसारखे असतात, रबर ते कात्रीने कापावं तसं कापतात. एक केंड गळावर आलाच. होडीत येताच फुगला, पांढरं पोट ताणून चेंडूएवढं झालं, आणि त्या चेंडूवरून दोन हिरवट डोळे आमच्याकडे बघत राहिले. मित्राने त्याला ओंजळीत धरून पाण्यावर ठेवलं. थोडा वेळ तसाच तरंगला, मग हवा सोडून तळाला गेला.

पावणेदहाला पाणी थांबलं. होडी त्सुनामी बेटाला लावली. २००४ च्या त्सुनामीनंतर ही वाळू वर आली असं इथे सांगतात. डिसेंबरात गर्दी असते, आज बगळे होते. आईने बांधून दिलेले घावणे आणि ओल्या खोबऱ्याची चटणी खाल्ली. तात्यांचा उपास, त्यांनी शहाळं फोडलं. मित्राने वही काढून बेरीज केली, ७९ आणि ३६, आणि वही माझ्या मांडीवर ठेवली.

"कापली तिथे परत जाऊया का?" मी विचारलं.

"आता नको. पाणी फिरांदे," तात्या म्हणाले.

दुपारबद्दल फार सांगण्यासारखं नाही. भरती चढत होती, ऊन डोक्यावर होतं, चिपीच्या माळावर एक विमान उतरलं. पाणी चढतं असताना बाहेरचं स्वच्छ पाणी खाडीत येतं आणि त्याच्याबरोबर कोकरांचे थवे, म्हणून आम्ही तोंडाच्या बाजूला, भोगव्याच्या समोर, संगमाच्या ओढीपासून आत राहून गरवत होतो. मला ४४ चा कोकर मिळाला. कोकर कुठल्या मुळाबिळात शिरत नाही, उघड्या पाण्यात आडवा होऊन ताकदीने खेचतो, मनगट दुखवतो आणि शेवटपर्यंत हार मानत नाही. मित्राला गोबरा, ४०. त्याच्या तीन जाती पूर्ण झाल्या, ११९. माझ्या ८०, आणि एक जात बाकी.

साडेतीनला पाणी पुन्हा थांबलं आणि कांदळवनाच्या पानांना टेकलं. तात्यांनी न विचारता होडी दुसऱ्या व्हाळाकडे वळवली.

सकाळी मित्र ज्या मुळाकडे बघत होता ते आता पाण्याखाली होतं. त्याने बोटाने हवेत रेघ काढून दाखवली. "मूळ इथून असं गेलंय. मासा याच्या डाव्या अंगाला होता. तू उजवीकडून टाकलंस, म्हणून त्याने मुळाला वळसा घातला. आता होडी पलीकडे लावू, म्हणजे ओढ मुळापासून लांब येईल."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. मी मागे होतो आणि एकोणचाळीसपेक्षा मोठी तांबोशी मिळाली तर जिंकणार होतो. हे त्याला माझ्याआधी माहीत असणार, त्याच्या डोक्यात बेरजा सतत चालू असतात.

पाणी उतरायला लागल्यावर वीस मिनिटांनी टकटक आली. या वेळी मी तंगूस बोटावरून सोडलीच नाही, होडी पलीकडच्या अंगाला होती, आणि मासा मुळाकडे वळायच्या आत उघड्यावर आला. पट्टीवर ४७. हात थरथरत होते. तिच्या खालच्या जबड्यात, गळाजवळ, सकाळचा गळ नव्हता. ती सकाळचीच असेल किंवा नसेल, काटा दाबलेला गळ एवढ्या वेळात पडूनही गेला असेल. मित्राने आकडा मोठ्याने वाचला. "सत्तेचाळीस. एकशे सत्तावीस." वहीत त्यानेच लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच टोकदार होतं.

मग त्याने घड्याळ बघितलं. "दोन तास आहेत."

पुढचे दोन तास त्याने होडीत कुणाला बोलू दिलं नाही. शॅड बदलला, जिग हलकी केली, परत बदलली. प्रत्येक व्हाळाच्या तोंडावर पंचवीस-तीस फेकी, एकही आंधळी नाही. एक तांबोशी आली, ३५. एक शिंगाळा आला, त्याच्या काट्याला जपून तात्यांनीच तो सोडवला. सहाला सूर्य भोगव्याच्या पलीकडे गेला. आकाश पिवळं होतं आणि पाणी काळं. शेवटचा व्हाळ मोठा होता, त्याच्या तोंडाशी बोईची पिल्लं पाण्यावर पावसासारखी उडत होती. आणि मध्येच एक आवाज आला, ओल्या हाताने पाण्यावर थाप मारावी तसा. फट्ट.

तात्या बांबू चिखलात रोवून होडी धरून उभे राहिले. त्यांनी हनुवटीने दाखवलं.

मित्राने त्या आवाजाच्या वरच्या बाजूला शॅड टाकला आणि प्रवाहाने खाली येऊ दिला. रॉड वाकला तो पाण्याला टेकला. मग ती उडाली. पूर्ण शरीर पाण्याबाहेर, तोंड उघडं, कल्ले फडफडत, डोकं दोन्ही बाजूंना झटकत. रायगडात जो जिताडा आणि गोव्यात जो चणक, तो हा. एवढा मोठा मी आधी पाहिला नव्हता.

पंधरा मिनिटं. मी हेडलाईट धरला होता, माझं दुसरं कामच नव्हतं. दोनदा मासा मुळांकडे गेला, दोनदा त्याने रॉड पाण्यात खुपसून त्याला वळवलं. शेवटी होडीच्या बाजूला आला तेव्हा प्रकाशात त्याचा डोळा लाल पेटला, निखाऱ्यासारखा. जिताड्याचा डोळा उजेडात असाच दिसतो. खवले एकेक रुपयाएवढे, पाठ ऑलिव्हसारखी हिरवट, पोट चांदीचं, कल्ल्याच्या कडा ब्लेडसारख्या. गळ ओठाच्या कडेला. पक्कड लावताच तो निसटून आला.

मासा उताणा होत होता.

मी पट्टी ओली करून पुढे केली. आमची पट्टी ८० ची, त्याहून हा खूप लांब होता, पण वहीत ८० जरी लिहिले असते तरी मित्र एकशे एकसष्टवर गेला असता आणि मी कुठेच उरलो नसतो. त्याने पट्टीकडे बघितलंच नाही. ओल्या हातमोज्याने खालचा जबडा धरला, दुसरा तळहात पोटाखाली, आणि मासा प्रवाहाकडे तोंड करून पाण्यातच सरळ धरला.

"तिका जावंदे," तात्या हळूच म्हणाले. "आवस आसा ती."

जिताडा जन्माला येतो तो नर म्हणून. काही वर्षं नर राहतो, आणि मोठा झाल्यावर, साधारण ऐंशी सेंटीमीटर ओलांडल्यावर, मादी होत जातो. मीटरजवळचा जिताडा म्हणजे जवळपास नक्कीच मादी, लाखोंनी अंडी घालणारी. पावसाळ्यात ती खाडीच्या तोंडाशी खाऱ्या पाण्यात अंडी सोडते आणि पिल्लं भरतीबरोबर आत येतात, कांदळात, खाजणात, शेतांच्या कडेच्या डबक्यांत. पेण-अलिबागकडे लोक तीच पिल्लं तळ्यात सोडून वाढवतात. सगळ्यांत मोठा मासा मारला की आपण नेमकी आई मारतो. तात्यांना हे कुणी पुस्तकातून सांगितलं नव्हतं.

मित्र होडीच्या काठावर पोटावर आडवा होता, दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात. कल्ले आधी अर्धवट हलत होते, मग एका लयीत उघडायला लागले. त्याने घाई केली नाही. डास चावत होते, त्याने मान हलवली नाही. दहा मिनिटांनी शेपटीने एकदा जोर लावला, त्याच्या मुठीतून जबडा सुटला, आणि पाण्यावर फक्त एक मोठा गोल उरला.

मी म्हणालो, "ऐंशी लिहितो. ऐंशीच्या वर होताच, दोघांनी बघितलाय."

तो वळला. चेहऱ्यावर पाणी होतं आणि तो खरोखर चिडला होता. "मोजला नाही तो धरला नाही. तुझ्या कोकराच्या वेळी काय ठरलं होतं?"

वहीत त्या ओळीवर काहीच लिहिलं नाही. ११९ आणि १२७.

घरी आलो तेव्हा आई अंगणात पूजेचं ताट घेऊन उभी होती. साडेआठ होत आले होते. "चंद्र उगवलो काय बघ रे." माडांच्या मागे आधी पांढरा उजेड आला, मग कडेने थोडा खाल्लेला चंद्र. नैवेद्य दाखवला, वरण-भात, मोदक, वालाची उसळ. तात्यांनी उपास आमच्याकडेच सोडला.

जेवताना मित्र जिताड्याबद्दल एक शब्द बोलला नाही. त्याच्या डोक्यात ३८ होते. सकाळच्या पहिल्या व्हाळावर तीन फेकीत तांबोशी मिळाली म्हणून तो पुढे सरकला होता. तिथेच अर्धा तास थांबायला हवं होतं, पहिला मासा क्वचितच सगळ्यांत मोठा असतो, हे त्याला माहीत होतं आणि तरी तो हलला. एक तांबोशी सत्तेचाळीसची मिळाली असती तर एकशे अठ्ठावीस. "एका सेंटीमीटरने," तो म्हणाला, आणि मोदक तसाच हातात राहिला. रात्री दिवा मालवल्यावरही पलीकडच्या खाटेवरून आवाज आला, "तिथे पाण्याखाली फांदी होती, बघितलीस?"

मी बघितली नव्हती.

दिवस तिसरा : पंचमी

सकाळी समुद्राच्या बाजूला रापण लागली होती, तिच्या दोरीला हात लावायला गेलो. वीस-पंचवीस माणसं दोन रांगांत, पाय वाळूत रुतवून, मागे मागे सरकत. रापण म्हणजे सगळ्या वाडीचं जाळं, त्यात ओढणाऱ्याचाही वाटा असतो. मिळालं ते फार नव्हतं, पेडवे, थोडे बांगडे, एक-दोन मुडदुशा. म्हातारी माणसं म्हणतात तशी रापण आता क्वचितच भरते. बाहेर मोठ्या बोटी प्रखर दिवे लावून मासा किनाऱ्याला लागायच्या आधीच गोळा करतात, बंदी असूनही. हे ऐकताना दोरी ओढणाऱ्यांच्या हातांकडे मी बघत होतो. रात्री सोडलेल्या त्या एका मादीची अंडी कुठवर पोचणार, असं मनात आलं, आणि तरी ती सोडली याचं समाधान कमी झालं नाही.

आमच्या वाट्याला मूठभर पेडवे आले. आईने तिरफळं घालून त्यांचं तिखलं केलं, बरोबर उकडा भात आणि सोलकढी. दोन दिवस मासे बघून बघून आलेली भूक होती ती, आणि दोघांनी तीन वेळा भात घेतला.

रात्रीच्या कोकणकन्येला मित्र सोडायला आला. फलाटावर मी बॅगेतून वही काढून त्याच्या हातात दिली. पाच सहलींनंतर. त्याने ती घेतली, दिव्याच्या खांबाखाली जाऊन उघडली, आणि गाडीची घोषणा झाली तरी वाचत राहिला. गाडी लागली तेव्हा त्याने बॅग दारात ठेवून दिली आणि पान मिटायला बोट मध्ये घातलं.

"माघ वद्य सप्तमीला ये," म्हणाला. "साताची पाऊणपट सव्वापाच. उजाडताना सुकती लागलेली असेल. पहिल्याच व्हाळावर थांबायचं."